चिमटीने आवळलेला स्क्रू

"रोहिदासकाका, तुमच्या गाडीला हिवताप भरलाय का हो?"

मैत्रिणीने, पूनमने, पैज लावली होती म्हणून उत्कर्षाने विचारलं. पैजेची अट अशी की मागच्या सीटवरून ओरडायचं नाही, पुढे काकांच्या शेजारी बसून तोंडावर विचारायचं. अख्खी व्हॅन खिदळली. डांगे चौकाच्या सिग्नलला गाडी उभी होती आणि खरोखरच थडथडत होती. काचा वाजत होत्या, डबे वाजत होते, आरशाला बांधलेलं लिंबू-मिरचीसुद्धा नाचत होतं.

रोहिदासकाका काळेवाडीतले जुने गावकरी. उत्कर्षाला पहिलीपासून तेच शाळेत सोडत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हसले. "भरलाय की! तू शाळंत गाडीचंच शिकतीस न्हवं? मग दे औषध, डाक्टरीणबाई."

बस, एवढंच पुरलं. दहावीत ऑटोमोबाईल विषय घेतलेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांत उत्कर्षाचा हात सगळ्यात आधी वर. परवाच सरांनी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, उघडून दाखवली होती. तेव्हापासून ही बाई रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीची नाडी नुसत्या कानाने बघत सुटली होती.

"सोपंय काका! इंजिनात हवा जाते ना, त्या दारावर काजळी धरलीय. आणि ते दार मिटल्यावर उभ्या गाडीला श्वास घ्यायला एक बारीक वाट असते, तिच्यावर आयडल व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो चोंदलाय. साफ केलं की झालं!"

"करशील?"

"म्हणजे काय! खंडेनवमीला येते."

मागून टाळ्या पडल्या. काका मात्र हळूच म्हणाले, "कर बाई. तुमच्या आयाबापांच्या ग्रुपवर रोज कुरकुर चाललीय. ती नवी व्हॅनवाली मंडळी टपूनच बसल्यात. आजून एक तक्रार आली, की आपली शाळंची लाईन ग्येली."

खंडेनवमीला सकाळी उत्कर्षा केस वर बांधून काकांच्या अंगणात हजर. पूनम मोबाईल घेऊन शूटिंगला. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. काकांनी सीट उचलून दिली, फाट्यावरून आणलेला, काजळी काढायच्या स्प्रेचा डबा तिच्या हातात ठेवला आणि झेंडू आणायला गेले. उत्कर्षाने दोन स्क्रू काढून व्हॉल्व्ह बाहेर घेतला. बापरे! तव्याच्या बुडासारखा काळा. तिने स्प्रे मारला, जुन्या ब्रशने हळूहळू घासलं, थ्रॉटलची पितळी झडप फडक्याने पुसली. काळं पाणी गळालं आणि खालून धातू चमकला. "ए, इकडून घे, इकडून!" ती पूनमला सांगत होती.

व्हॉल्व्ह जागेवर ठेवला, स्क्रू लावले, आणि आवळायला मागे हात नेला तर स्क्रू ड्रायव्हर गायब.

तो ओसरीवर होता. काकांची आई छबूबाई, तिने पाना, पक्कड, हातोडी, कोयता पाटावर मांडले होते आणि त्यांच्या मधोमध तो स्क्रू ड्रायव्हर. हळदकुंकू लावून, वर फूल ठेवून.

"आजी, तो जरा..."

"आता न्हाई गं बाय. पूजा झाली. आता उद्यापत्तोर हत्याराला हात लावायचा न्हाई. झालंच असंल की तुझं."

सांगायचं होतं, 'नाही झालं.' एवढे दोनच शब्द. पण पूनमचा कॅमेरा चालू होता, अंगणाच्या दारात शेजारणी जमल्या होत्या आणि काका झेंडूची पिशवी घेऊन आत येतच होते. उत्कर्षाने दोन्ही स्क्रू चिमटीने जेवढे फिरतील तेवढे फिरवले. उद्या येऊन आवळू, असं मनात म्हटलं आणि तोंडाने म्हणाली, "झालं!"

काकांनी किल्ली फिरवली. काय तो आवाज! सलग, मऊ, मांजर मांडीवर झोपल्यासारखा. लिंबू-मिरची जागच्या जागी. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या आनंदातच पाईप लावून दसऱ्यासाठी गाडी धुवायला घेतली.

दसऱ्याला उत्कर्षाला आवळायची आठवण राहिली का? राहिली असती, जर दिवसभर पूनमने टाकलेल्या व्हिडिओखाली टाळ्या मोजत बसली नसती तर.

शाळा उघडली त्या सकाळी गाडी झेंडूच्या माळेसकट निघाली. उत्कर्षा पुढेच बसली होती, राणीसारखी. थेरगावच्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, पुढे सिग्नलला थांबली, आणि एकाएकी इंजिन किंचाळायला लागलं. रेस वाढतच चालली. मुली घाबरून ओरडल्या.

"रेसवर पाय न्हाई माझा! बघा, पाय न्हाई!" काका पाय वर उचलून दाखवत होते. त्यांनी किल्ली बंद केली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मुलींनी उतरून गाडी कडेला ढकलली, तोवर स्कूटीवरून कामाला निघालेली पूनमची आई, सुमनताई, तिथे येऊन थडकली.

"अहो, मुली बसतात यात! गिअरमध्ये असती तर कुणाच्या अंगावर गेली असती?"

काकांनी सीट उचलली. तिथेच कुठेतरी अडकलेला एक स्क्रू घरंगळला आणि उत्कर्षाच्या बुटाशी येऊन थांबला. तिने आत बघितलं. व्हॉल्व्ह एकाच स्क्रूवर तिरका लोंबत होता आणि त्या फटीतून इंजिनाने वाट्टेल तेवढी हवा ओढली होती. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वायरी पुसत होते.

"ताई, चूक माजीच हाय," ते म्हणाले. "दसऱ्यासाठी धुताना पाईप आत मारला म्या. पाणी शिरलं आसंल. पोरीनं इतकं झ्याक करून दिलं हुतं, म्याच घाण केली." आणि त्या भर रस्त्यात, सगळ्या मुलींसमोर, त्यांनी सुमनताईला हात जोडले.

उत्कर्षाने काय करावं? तिने बूट स्क्रूवर ठेवला. मग लेस बांधायला वाकल्यासारखं करून तो उचलला आणि खिशात टाकला.

पुढे रिक्षाने शाळा. ऑटोमोबाईलच्या तासाला सरांनी तिला उभं केलं. "व्हिडिओ पाहिला मी. अशी हिंमत पाहिजे! टाळ्या वाजवा हिच्यासाठी." टाळ्या वाजल्या. कालपर्यंत तिला त्या कितीही चालल्या असत्या. आज प्रत्येक टाळी गालावर बसत होती. हात खिशात होता आणि स्क्रूचे आटे बोटांत रुतत होते. डोळे मिटले की जोडलेले हात दिसत होते, ज्या हातांनी लहानपणी तिला उचलून गाडीत बसवलं होतं.

संध्याकाळी घरी आली तर आई, विजयश्री, मोबाईल वाचत होती. "ठरलं बाई एकदाचं. उद्यापासून सगळ्या मुली नव्या व्हॅनने. सुमनताईंनी रोहिदासला फोनसुद्धा केला. बिचारा नुसतं 'व्हय' म्हणाला म्हणे."

पप्पा, ज्योतीराम, चाकणहून पहिली शिफ्ट करून आले होते आणि चहात बिस्किट बुडवत होते. लातूर सोडून इतकी वर्षं झाली तरी त्यांची बोली तिथलीच. "बरंच झालं. अशी ढिलाई चालत नसती. आमच्या लाईनवर नट आवळला की त्याच्यावर पेंटची खूण करावं लागतंय. खूण नाही, म्हणजे काम झालंच नाही. कंपनीत एक नट सुटला तर अख्खी लाईन थांबवतेत."

उत्कर्षाने खिशातून स्क्रू काढला आणि बिस्किटांच्या ताटलीत ठेवला. टणकन वाजला.

"हे काय आणलीस?"

"काकांच्या व्हॅनचा आहे. मी आवळलाच नव्हता, पप्पा. स्क्रू ड्रायव्हर पूजेत होता आणि मी 'झालं' म्हणाले. आज तो सुटला. मी लपवला. काकांनी हात जोडले तेव्हा मी तिथंच उभी होते."

पप्पांचं बिस्किट चहात विरघळून गेलं. आई म्हणाली, "अगं, लहान आहेस. आता कशाला उगाच सगळ्यांपुढे..."

"लहान नाहीये मी. टाळ्या घेताना होते का लहान?" तिने ताटलीतला स्क्रू परत उचलला. "मी आत्ता काकांकडे निघालेय. पप्पा, तुमचा स्क्रू ड्रायव्हर आणि तो खुणेचा पेन द्या. त्यांच्यासमोर आवळणार, खूण करणार. आणि आई, ग्रुपवर तू लिहायचं नाहीस, मी माझ्या आवाजात सांगणार आहे, माझं नाव घेऊन. त्यानंतर कुणाच्या मुलीने कुठं बसायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी उद्या रोहिदासकाकांच्या गाडीतून जाणार. एकटी असले तरी."