ऐरणबाई काही बोलली नाही

ऐरणबाईला शिंक आली की तीन घोड्यांचे भाव हलतात, असं रेसकोर्सच्या फाटकावरची माणसं सांगायची. त्यात अतिशयोक्ती असलीच तर एखाद्या घोड्याची असेल. बाई नालबंद होती. बापाच्या हाताखाली नाल ठोकायला शिकली, आणि बाप गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची ऐरण डोक्यावर घेऊन तबेल्याच्या दारात येऊन उभी राहिली. हो, डोक्यावर. पाहणारे अजून जिवंत आहेत, फक्त त्यांच्या साक्षी एकमेकांशी जुळत नाहीत.

वर्षातली जी मोठी शर्यत, तिच्यात धावणाऱ्या प्रत्येक घोड्याचा पाय एकदा तरी तिच्या मांडीवरून जायचा. कुणाचा खूर टणक, कुणाचा ठिसूळ, कोण पाय देताना कुरकुरतो, हे तिला ट्रेनरच्या आधी कळायचं. म्हणून पैसे लावणारं अख्खं गाव तिच्यावर डोळा ठेवून असे. एका वर्षी तिनं काळी छत्री विकत घेतली. संध्याकाळपर्यंत मैदानातल्या एकुलत्या एका काळ्या घोड्याचा भाव एकाला वीस होता, तो एकाला तीन झाला. घोडा शेवटून पहिला आला. लोकांनी छत्रीला शिव्या दिल्या.

यात आणखी एक मेख होती. बाईचा नवरा फाटकासमोरच्या बुकीच्या पेढीत फळ्यावर भाव लिहायचा. उन्हाळा असो की हिवाळा, उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी, म्हणून त्याला सगळे खडूराव म्हणत. एक लावला तर दोन मिळणार, एक लावला तर चाळीस मिळणार, असे आकडे दिवसभर लिहायचे आणि पुसायचे. ज्याच्यावर लोकांचा भरवसा मोठा त्याचा आकडा लहान, एवढं कळलं की त्या फळ्याचं सगळं शास्त्र कळलं.

नालबंद बायको, फळेवाला नवरा. लोकांना वाटायचं, उशीला कान लावले तर खजिना सापडेल. पण बाईच्या बापानं तिला एकच गोष्ट नालेइतकी घट्ट ठोकून शिकवली होती: पायाचं पायापाशी. घोड्याच्या पायात जे दिसेल ते त्याच्या ट्रेनरला सांगायचं, आणि दुसऱ्या कुणालाही नाही. ज्या नालबंदाच्या तोंडाला कुलूप नाही, त्याच्या हातात कुठला ट्रेनर घोड्याचा पाय देईल?

घरात हे असं चालायचं.

"अगं, यंदा फर्मानचं काय म्हणतेस?"

"भाजीत मीठ कमी पडलंय का?"

"नाही, मीठ बरोबर आहे."

"मग जेवा."

एकतीस वर्षं मीठ बरोबर होतं.

त्या वर्षी शर्यतीत नऊ घोडे होते. फळ्यावर सगळ्यात वर फर्मान, एकाला दीड. म्हणजे लोक त्याला जिंकलेलाच धरून चालले होते. त्याच्याखाली गुलछबू, एकाला पाच. वाऱ्यासारखा पळायचा, पण वाटेत कुणाची टोपी आवडली तर मान वळवून बघत बसायचा. मग उधळण, एकाला आठ, तिचा सगळा हिशेब सकाळच्या मूडवर. आणि तळाला सबुरी, एकाला चाळीस. म्हातारी घोडी, तिला बघून लोक टाळ्या वाजवायचे आणि पैसे दुसऱ्यावर लावायचे.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बाई पेटी घेऊन फर्मानच्या तबेल्यात गेली. सरावाच्या जड लोखंडी नाली काढून शर्यतीच्या हलक्या नाली ठोकायच्या होत्या. मोतद्दारानं घोडा धरला. बाईनं पुढचा डावा पाय उचलून मांडीत घेतला आणि खुरावर तळहात ठेवला. नुकताच चहा ओतलेल्या कपासारखा खूर गरम लागत होता. तिनं चिमट्यानं हलकंच दाबलं. फर्माननं असा झटका दिला की मोतद्दार भिंतीवरच्या लगामाशेजारी टांगला गेला.

बाईनं पाय अलगद खाली ठेवला आणि ट्रेनरला बाजूला घेतलं.

"आत पू धरलाय. याला नाल ठोकणार नाही मी."

ट्रेनर हसला. "डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे, घोडा ठणठणीत."

"मग कागदाला ठोकू का नाल?"

"बाई, अडीच मिनिटांची शर्यत. एवढी निघाली की महिनाभर आराम."

"अडीच मिनिटं तुमची. पाय त्याला जन्मभर लागणार."

ट्रेनरचं हसू आटलं. "फाटकातून आत यायचा पास कमिटी देते, लक्षात आहे ना? आणि कमिटीचा चेअरमन माझा साडू लागतो."

"नमस्कार सांगा त्यांना," म्हणत बाईनं पेटीला कडी घातली.

ती फाटकाबाहेर आली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. घोटाळा झाला तो तिथं. चार पायांना तास लागतो हे फाटकावरच्या चहावाल्याला ठाऊक होतं, आणि त्याच्याकडे घड्याळ होतं. "गेली अकराला, आली सव्वाअकराला," एवढंच तो एका गिऱ्हाईकाला म्हणाला. दुपारी बारापर्यंत फर्मान एकाला तीन झाला. तीन वाजता एकाला पाच. संध्याकाळी एकाला आठ, आणि खडूरावांची बाही खांद्यापर्यंत पांढरी. पेढीतला ओला फडका पुसून पुसून इतका झिजला की शेवटी त्याच्यातून फळा दिसायला लागला.

शनिवारी दहा वाजता कमिटीचं बोलावणं आलं, नवरा-बायको दोघांना. लांब टेबल, पलीकडे तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीत चेअरमन. अंगात कडक इस्त्रीची पांढरी पँट, तिच्या घडीवर कांदा चिरता आला असता. बाजूला ट्रेनर, सासरी आल्यासारखा पाय पसरून. खिडक्यांना बाहेरून माणसं लगडलेली.

"फर्मानचा भाव एका दिवसात दीडवरून आठवर गेला," चेअरमन म्हणाले. "तुम्ही नवऱ्याला काय सांगितलंत?"

"काही नाही."

"राव, तुम्ही बोला. घरी बायको घोड्यांबद्दल काय सांगते?"

खडूराव उभे राहिले. "साहेब, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, असं सांगते. एकतीस वर्षं. घोड्यांपर्यंत आम्ही अजून पोचलो नाही."

खिडक्या हसल्या. चेअरमन हसले नाहीत. "बाई, तुम्ही काम अर्धवट टाकून का गेलात?"

"ते ट्रेनरला सांगितलंय."

"मला काही सांगितलं नाही," ट्रेनर छताकडे बघत म्हणाला. "पाठ दुखते म्हणाली आणि गेली."

आता बाईनं नुसतं 'डावा पाय' एवढं म्हटलं असतं तरी तिची मान सुटली असती. खिडकीतली माणसं कानांत प्राण आणून उभी होती. शब्द तोंडातून निघायचा अवकाश, तो तिच्याआधी रस्ता ओलांडून फळ्यावर बसला असता. ती खिडकीकडे बघत राहिली, आणि मग चेअरमनकडे.

"माझी पाठ लोखंडाची आहे. पायाचं मी इथं बोलणार नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंच असेल तर घोडा शंभर पावलांवर आहे. चला, स्वतः उचला पाय."

"मी?"

"मग काय साडूभाऊंना सांगता? त्यांनी तर कागद वाचलाय."

असं चारचौघांत म्हटल्यावर माणूस करतो काय? चेअरमन उठले. तबेल्यात बाईनं त्यांना घोड्याकडे पाठ करून वाकायला लावलं, फर्मानचा पाय त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये दिला, आणि त्यांचा हात धरून खुरावर ठेवला. स्वतः तोंडातून एक अक्षर काढलं नाही. चेअरमननी हात असा मागे घेतला जसा तव्याला लागावा. मग पुन्हा ठेवला. मग दुसऱ्या पायाच्या खुराला लावून पाहिला; तो गार होता. ते सरळ झाले तेव्हा पांढऱ्या पँटीवर जे काही लागलं होतं त्याचं वर्णन न केलेलं बरं. एवढं खरं की ती पँट पुन्हा कुणी पाहिली नाही.

दुपारी फर्मानचं नाव शर्यतीतून काढलं. बाईनं पेटी उचलली.

"थांबा," चेअरमन म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ होता. "घोड्याचं तुमचं बरोबर निघालं. पण भाव हलले हेही खरं, आणि वर्तमानपत्रवाले मला विचारणार. एक ओळ लिहून द्या, की अनवधानानं तोंडातून निघालं, क्षमस्व. पास तुमच्याकडेच राहील. उद्याची आठ घोड्यांची कामंही तुमचीच."

कागद तयारच होता. खडूरावांनी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "करून टाक सही. एक ओळ तर आहे."

"अहो, ओळ एकच आहे, पण सगळीच्या सगळी खोटी आहे."

"पोट आहे आपल्याला."

"आहे ना. आज याच्यावर सही केली तर उद्या कोण देईल माझ्या हातात पाय? तुम्ही द्याल?"

तिनं गळ्यातला पास काढला, कागदावर ठेवला, आणि कागद पासासकट चेअरमनकडे सरकवला. तासाभरात फाटकावर नोटीस लागली: गुपित फोडल्याबद्दल नालबंद बाईंना प्रवेश बंद. त्या संध्याकाळी खडूरावांनी स्वतः भाजी केली. मीठ बरंच कमी होतं. दोघांनी ताटं पुसून साफ केली.

रविवारी उजाडताच कमिटीनं दुसऱ्या गावचा एक नालबंद आणला. माणूस वाईट नव्हता, पण घाई घेऊन आला होता. पहिली पाळी सबुरीची. म्हातारीनं त्याला नखशिखांत न्याहाळलं, पाय दिला, आणि पाय दिल्यावर हळूच त्याच्यावर रेलली. चारशे किलोंची घोडी रेलली म्हणजे काय ते ज्याच्यावर रेलली त्यालाच विचारावं. त्याची पेटी गुलछबूच्या तबेल्याच्या छपरावर सापडली. तो स्वतः कुठे सापडला याबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते तो थेट स्टेशनावर सापडला, तिकीट काढताना.

मग सबुरीचा ट्रेनर, जुना अबोल माणूस, घोडीचा दोर धरून फाटकाबाहेर आला. समोर पंक्चरवाल्याच्या दुकानाशेजारी बाईनं ऐरण मांडली होती. ती पहाटेपासून तिथंच होती, भटारखान्याच्या हातगाडीला चाकाची पट्टी ठोकून देत होती.

"नोटीस वाचली नाही का?" तिनं विचारलं.

"वाचली. तेरा वर्षं माझे घोडे तुझ्याकडे आहेत. गुपित फुटायचंच असतं तर आधी माझं फुटलं असतं, आणि माझी फुटण्यासारखी फार होती." त्यानं दोर पुढे केला. "तुला आत येऊ नको म्हणतायत. आम्ही बाहेर येऊ नये असं कुठे लिहिलंय?"

सबुरीचे दोन पाय होईतो मागे गुलछबू येऊन उभा राहिला. मग एकेक करत बाकीचे, उधळण सहावी. साडेनऊला आठच्या आठ घोडे त्या गल्लीत रांगेत. गुलछबू येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टोप्या बघत होता आणि एका टपालवाल्याची त्यानं खाल्लीही. लोकांनी रांगेवरून भाव काढायला सुरुवात केली: पुढे आहे तो जिंकणार. सबुरी एकाला चाळीसवरून एकाला सहावर आली. खडूराव खडू घेऊन पेढीत पळत, पुसत, लिहीत, पुन्हा दारात येऊन रांग बघत. बुकी कपाळाला हात लावून बसला होता.

अकराला चेअरमन आले, आज करड्या पँटीत. हातात पास.

"बाई, आत चला. तमाशा झालाय हा."

"पास कशाच्या बदल्यात?"

"कशाच्या नाही. घ्या."

बाईनं खिळा ओठांतून काढून खुरात बसवला. "नोटिशीत लिहिलंय मी बोलले. ती खाली यायला हवी."

"काढतो."

"नुसती काढून नाही भागायचं. जितक्यांनी ती वाचली तितक्यांनी दुसरी वाचली पाहिजे." तिनं हातोडीनं रस्त्यापलीकडे दाखवलं. "त्या फळ्यावर. घोड्यांच्या वर."

"फळा माझा नाही."

"पण तुम्ही सांगितलंत तर बुकी नाही म्हणणार नाही. त्याला पुढच्या वर्षीही मैदानात उभं राहायचंय."

चेअरमननी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग ताठ मानेनं रस्ता ओलांडून गेले. थोड्या वेळानं खडूराव फळ्यासमोर स्टुलावर चढले. अक्षर नेहमीसारखंच टपोरं आलं: बाई कुणाला काही बोलली नाही. चुकी कमिटीची. खाली आठ घोडे. गल्लीतली गर्दी ते मोठ्यानं वाचत होती, आणि कुणीतरी त्याच्यावरही भाव मागितला.

चेअरमन परत आले. "झालं समाधान? आता आत चला. एक वाजता पहिला भोंगा आहे. अजून तीन घोडे बाकी आहेत."

बाईनं उधळणचा मागचा पाय मांडीत घेतला, फळ्याकडे पाहिलं, आणि पास गळ्यात घातला.

"येते. आधी हिचे दोन पाय."

"किती वेळ लागेल?"

"दोन पायांना लागतो तेवढा," ती म्हणाली, आणि पुढचा खिळा ओठांत धरला.

त्या वर्षीची मोठी शर्यत चाळीस मिनिटं उशिरा सुटली.