मधली राई

कल्याणपासून दोन कोसांवर एका ओढ्याच्या काठी तीन गावं होती. प्रत्येक गावाला देवीची राई होती. तिथलं वाळकं लाकूडसुद्धा कोणी चुलीसाठी नेत नसे. ही गोष्ट अठराशे ऐंशीच्या सुमाराची.

मधल्या गावच्या महिपत पाटलाला देवीपुढे मोठा सभामंडप बांधायचा होता. लाकडासाठी त्याने राईच तोडायची ठरवली. लढून मेलेल्या पूर्वजांचे वीरगळ राईत उभे होते, ते दगड मंडपाच्या पायाला घालायचे ठरले.

खालच्या गावात दिलेली त्याची बहीण तुळसा हे कानावर येताच माहेरी आली.

"दादा, मंडप देवीचा, मग झाडं कोणाची?"

"अगं, वरच्या गावाची राई आहे, तुमची आहे. मधली एक गेली तर काय बिघडलं?"

"वर मुरलेलं पाणी तुझ्या राईतून आमच्याकडे येतं. आणि तुझं बघून उद्या दुसरेही कुऱ्हाड उचलतील. ते दगड म्हणजे आपली माणसं आहेत, दादा. त्यांची दुसरी काहीच खूण उरलेली नाही."

महिपतने तिला जेवूखाऊ घालून परत पाठवलं.

मंडप झाला. देवी कोपली नाही, हे पाहून वरच्या गावाने आपली राई तोडून विकली, पुढच्या वर्षी खालच्याने. तिसऱ्या चैत्रात ओढा आटला. वैशाखात तुळसाची सात वर्षांची शालू डबक्यातलं पाणी प्यायली आणि दोन दिवसांत पटकीने गेली.

महिपत बहिणीच्या दारात जाऊन बसला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पाणी पाणी करत गेली रे."

शालूचे दिवस झाल्यावर त्याने तिन्ही गावं मंडपात बोलावली.

"देवीचं घर मोडून मी तिला ओसरी बांधली," तो म्हणाला. "माझी भाची माझ्यामुळे गेली."

"राई वाढायला दोन पिढ्या लागतील, पाटील," एक म्हातारा म्हणाला.

"मग दोन पिढ्या राखू. पण आता आपापली नाही. तिन्ही राया तिन्ही गावांच्या. एकट्या गावाच्या शब्दावर फांदीसुद्धा तुटायची नाही."

सगळ्यांनी देवीच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली. आषाढात रोपं लागली. तुळसाही आली. भावापासून लांब तिने एक रोप लावलं आणि परत गेली.

बंधूंनो, रान आणि पूर्वजांच्या खुणा एकेकट्याने राखता येत नाहीत. शेजारची राई तुटताना जो गप्प राहतो, त्याचीही उरत नाही. महिपतला हे उमगलं, पण ते ऐकायला शालू राहिली नव्हती.