पन्नासाच्या पटीतली बाळं

माझा मामा चिप निवडताना तिचे पाय मोजतो. आठ पायांची चिप त्याला घरातली वाटते, सोळा पायांची जरा शिष्ट, आणि चोवीस पायांची दिसली की तो चष्मा कपाळावर चढवून विचारतो, "एवढे पाय घेऊन ही पळणार कुठे?" आमच्या कारखान्याचा मालक तोच आणि खरेदी बघणाराही तोच. मामी माडीवर बोर्डांचं सोल्डरिंग सांभाळते. मी भाची, म्हणजे डिझाइन विभाग. अख्ख्या विभागात मी एकटीच असल्यामुळे आमच्यात कधी मतभेद होत नाहीत. भांडणं होतात ती खालच्या मजल्याशी, म्हणजे मामाशी.

आम्ही बाळांचे वजनकाटे बनवतो. ऐकायला काम सोपं आहे. बाळ ठेवलं की ट्रेखालची धातूची पट्टी केसभर वाकते, त्यातून इवलंसं व्होल्टेज मिळतं, एक चिप ते मोठं करते आणि दुसरी त्याचा आकडा करते. पण ते व्होल्टेज इतकं इवलंसं असतं की या दोन चिपा नीट निवडल्या नाहीत, तर बाळाच्या वजनात खोलीतली ऊब आणि ट्यूबलाइटची कुरकुरही मोजली जाते.

मामानं फार पूर्वी कुठल्याशा बंद पडलेल्या गोदामातून आठ पायांच्या चिपांची रिळंच्या रिळं उचलून आणली होती. त्यांचा आकडा काही केल्या एका जागी बसेना. मग मामानं माझ्या आधीच्या इंजिनिअरकडून प्रोग्रॅममध्येच सोय करून घेतली, की आकडा जो काही येईल तो जवळच्या पन्नास ग्रॅमच्या पटीवर नेऊन टेकवायचा. काटा एकदम गुणी झाला. तेव्हापासून आमच्या काट्यावर येणारं प्रत्येक बाळ शेवटी शून्य नाहीतर पन्नास घेऊनच येतं. महिन्यातून एकदा वजन करायचं असेल तर तेवढं चालून जातं, म्हणून कोणी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे काटा उत्तम, असं मामानं ठरवून टाकलं.

नवीन काट्यासाठी मी चोवीस पायांची चिप निवडली आणि तिथून युद्ध पेटलं.

"माझ्या चिपेत काय कमी आहे?" मामानं डेटाशीट, म्हणजे चिपेबरोबर येणारा माहितीचा कागद, माझ्यापुढे आपटला. "हे बघ, इथे लिहिलंय. चूक अगदी थोडी."

"तो टिपिकलचा रकाना आहे, मामा. टिपिकल म्हणजे बहुतेक वेळा असं असतं, एवढंच. हमी शेजारच्या रकान्यात असते. तो वाच ना."

"शेजारचे आकडे वाईट आहेत."

"म्हणूनच वाच म्हणते."

"तू ना, टिपिकल इंजिनिअर आहेस," मामा म्हणाला. "सगळ्यात वाईट तेवढंच शोधून काढायचं."

मी मग नमुन्याचा काटा टेबलावर मांडला. उघडा बोर्ड, प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेला, चारी बाजूंनी वायरी लोंबतायत. ग्रॅमचा शेवटचा आकडा दोनावरून तिनावर, तिनावरून एकावर उड्या मारत होता. मामा खोकला तर तो थेट सातावर गेला.

"हे बघ! नाचतोय!" मामाला कोण आनंद झाला. "अगं, आकडा म्हणजे माणसाचा शब्द असतो. एकदा दिला की हलायचा नाही."

"त्याला बारीकसारीक सगळं जाणवतं म्हणून हलतो. तुझ्या चिपेला काही जाणवतच नाही. म्हणून ती शांत!"

मामी जिन्यातून म्हणाली, "जाणवत नाही तो शांत असतो, हे मी लग्न झाल्यापासून बघतेय." त्या दिवसाची चर्चा तिथेच संपली, कारण मामा तरातरा चहा करायला निघून गेला.

त्याच आठवड्यात छोटी बाळंत झाली. छोटी म्हणजे माझी मामेबहीण, मामाची एकुलती एक मुलगी. वयानं तिशीला आली तरी घरात ती छोटीच. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधीच झाली. मुठीएवढा चेहरा आणि नाकात दुधाची नळी. छोटी तिला अंगावर पाजत होती, पण पोटात खरंच किती दूध जातंय ते कळायला हवं होतं. त्यासाठी पाजण्याआधी आणि पाजल्यावर वजन करायचं. पोरीनं स्वतः पुरेसं दूध ओढलं तर नळी निघेल, नाहीतर वरचं दूध चालू राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दोन दिवसांनी मामीचा फोन आला. आवाज रडवेला. "अगं, पोरगी काहीच ओढत नाहीये. आधी अठराशे पन्नास, नंतरही अठराशे पन्नास. एकदा नाही, दर वेळी! छोटी तर म्हणते, माझ्या अंगात दूधच नाही. जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडलीय."

"मामी, वजन कुठल्या काट्यावर करतायत?"

"आपल्याच की! वॉर्डातला दुरुस्तीला गेलाय म्हटल्यावर तुझ्या मामानं कौतुकानं नवा कोरा नेऊन दिला. नातीला घरचा काटा!"

मला इतका राग आला की फोन ठेवायचंसुद्धा सुचलं नाही. डबा उचलला, वायरी आत कोंबल्या आणि निघाले.

वॉर्डाच्या दारात मोठ्या सिस्टरांनी मला अडवलं. डब्यातून लोंबणारी वायर दोन बोटांत धरून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"काटा आहे."

"मग आमच्याकडे आहे तो काय आहे?"

"तो मामा आहे," मी म्हणाले. "एकदा बोलला की हलत नाही." मग श्वास घेतला आणि त्यांना पन्नासाची गोष्ट सगळी सांगितली. तिथे कोपऱ्यात उभा असलेला मामा ऐकत होता. त्याचा चेहरा पडत पडत गेला.

सिस्टर अशा सहजासहजी पटणाऱ्या नव्हत्या. मी त्यांना सिरिंजमध्ये दहा मिली पाणी भरून काट्यावरच्या वाटीत सोडायला सांगितलं. आकडा दहानं वाढला. त्यांनी पुन्हा सोडलं, पुन्हा दहानं वाढला. तिसऱ्यांदा त्यांनी मला न सांगता पाचच मिली सोडलं आणि आकडा पाचानंच वाढला. तेव्हा कुठे त्यांनी ट्रेवर स्वच्छ दुपटं अंथरलं.

"पंखा बंद करा," मी म्हणाले. "बाळाचे कपडे, लंगोट, सगळं आहे तसंच राहू दे. आधी आणि नंतर, काही म्हणजे काही बदलायचं नाही."

पहिलं वजन झालं, अठराशे एकतीस. छोटीनं पोरीला जवळ घेतलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "उगाच कशाला गं? परत तेवढंच येणार." ती हे अगदी हळू म्हणाली. ज्या छोटीनं लहानपणी मला झाडावरून ढकललं होतं, तिचा आवाज असा कधीच नव्हता.

पाजून झालं. मामानं पुढे होऊन नातीला स्वतःच्या हातांनी, काच उचलावी तसं उचललं आणि ट्रेवर ठेवलं. आकडा चढला. मी वजाबाकी केली. "बावन्न ग्रॅम!"

मामी टाळ्या वाजवायला लागली. छोटी अंथरुणात उठून बसली. शेजारच्या खाटेवरची बाई, जिचा आमच्याशी काडीचा संबंध नव्हता, ती डोळे पुसायला लागली. मीही हसत होते, तेवढ्यात माझं लक्ष पोरीच्या डोक्याकडे गेलं. डोक्यावर पिवळी लोकरीची टोपी होती.

"ही टोपी कुठून आली?"

सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मग मामा चाचरत म्हणाला, "पंखा बंद केला तरी दार उघडंच होतं ना. डोक्याला वारा लागला असता."

"मामा!"

"सर्दी झाली असती गं!"

छोटी पुन्हा उशीला टेकली. "म्हणजे टोपीचंच वजन," ती म्हणाली. मामी तिचा हात धरून बसली. मला मामाला दोन शब्द सुनवायचे होते, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं. लेकीच्या दुधापुढे त्याची टोपी आडवी आली होती आणि ते त्याला कळत होतं.

सिस्टरांनी टोपी काढली. पोरगी चिडून हातपाय झाडायला लागली आणि आकडा वर-खाली धावत सुटला.

"थांबा," मी म्हणाले. "सगळ्यांनी एक मिनिट श्वास रोखा. खाटांना हात लावू नका. मामा, तू तर अजिबात हलू नकोस."

सगळ्यांनी श्वास रोखला. सिस्टरांनी रोखला, मामीनं रोखला, शेजारच्या बाईनं रोखला, तिला भेटायला आलेल्या तिच्या दिरानं कशासाठी ते न विचारता रोखला. मामानं तर इतका जीव लावून रोखला की तो आधी लाल झाला, मग जांभळा. श्वास घेत होती ती एकटी पोरगी. ती दमली, तिनं एक मोठी जांभई दिली आणि शांत पडली. आकडा दोन-तीन वेळा इकडेतिकडे झाला आणि मग जरासा थांबला.

मी दोनदा वजाबाकी केली. टोपी एकदा नजर चुकवून गेली होती, आता मी मामाच्या पायातल्या चपलांवरही विश्वास ठेवायला तयार नव्हते.

"चौतीस," मी म्हणाले. "अठराशे एकतीसचे अठराशे पासष्ट. मामाचा काटा दोन्ही वेळा अठराशे पन्नासच म्हणाला असता."

सिस्टरांनी कागदावर लिहून घेतलं. "चौतीस पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा जिवाला भरपूर. संध्याकाळी परत एकदा बघू आणि डॉक्टरांना नळीचं विचारते."

"चौतीस कशाचं?" छोटीनं विचारलं.

"दुधाचं," मी म्हणाले.

"कोणाच्या?"

"दुसरं कोण पाजतंय तिला?" मामी ओरडली आणि रडायलाच लागली.

छोटी मात्र रडली नाही. ती ट्रेवरच्या पोरीकडे बघत राहिली. "म्हणजे रोज पोट भरत होतं तिचं," ती म्हणाली. "आणि मी रोज तिची माफी मागत होते."

मामानं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. तो खाटेच्या कडेला बसला आणि त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "खोटं माझा काटा बोलला गं," तो म्हणाला. "माफी मीच मागायची तुझी."