साठ रुपयांची चूल

चूल घालायला खर्च काय? बांधावरचा चिखल, मूठभर तूस, पाटीभर शेण आणि बाईच्या एका दुपारचा घाम. मिळकत साठ रुपये. धरमतरच्या खाडीकाठी पाणखार गावात इतका फायद्याचा धंदा आजवर कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्या कार्तिकात अख्खं गाव चुली घालत सुटलं.

झालं होतं असं. भाद्रपदाच्या अवसेला उधाण आलं आणि बाहेरचा बांध फोडून खाडी शेतात शिरली. पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या काळं पडलं. सरकारने ठरवलं की बुडालेल्या गावांना यंदा रोख मदत द्यायची. आणि तीही खोताच्या किंवा सावकाराच्या हातून न देता ज्याची त्याला. माणशी द्यावी तर गाव पाहुण्यांची पोरं उसनी आणील, म्हणून चुलीमागे साठ. पुरुषाच्या हाती दिली तर वाटेतल्या ताडीच्या झोपडीपलीकडे जायची नाही, म्हणून चूल पेटवणारीच्या हातात. सरकारने सगळा विचार केला होता. सोनाबाईसारख्या बायकांचा तेवढा राहून गेला होता.

सोनाबाई विधवा, साठीला टेकलेली, पण घरातला दाणा न् दाणा तिच्या नजरेखालून जायचा. मुलगे दोन. थोरला भागोजी, रेड्यासारखा आडवा आणि तेवढाच आईच्या शब्दात. धाकटा शिवदास, कमी बोलायचा आणि बोलण्याऐवजी हात उचलायचा. थोरली सून ठमाबाई जुनी, मुरलेली. धाकटी नलू गेल्या उन्हाळ्यात खाडीपलीकडून आलेली. पाच माणसं, चूल एक.

"तीन करायच्या," सोनाबाई म्हणाली. "भागोजीची हीच, माजघरातली. शिवदासाची पडवीत. माझी मागल्या दारी."

"आये, खोटं न्हाय का हे?" शिवदास म्हणाला.

"खोटं काय त्यात? माती खरी, आग खरी, भात खरा. साहेब मोजून जाईपर्यंत येगळं शिजवा. मग व्हा एक."

तिचा हिशोब पक्का होता. गावाचा जुना कायदा असा की ज्याच्या शेतासमोर बांधाला खांड पडली, त्यानेच ती बुजवायची. आणि सगळ्यात मोठी खांड पडली होती नेमकी सोनाबाईच्या शेतासमोर. ती उन्हाळ्याआधी बुजली नाही तर प्रत्येक उधाणाला खाडी आत येणार, मीठ मुरणार आणि जमिनीत पुढे गवतही उगवणार नाही. आठ मजूर पाच दिवस, दीड रुपया रोज, म्हणजे साठ. दगडांनी भरलेल्या होड्या आणि बांबू मिळून ऐंशी. एकशे ऐंशीतून उरले चाळीस, ते बियाण्याला. इतका चोख हिशोब तलाठ्यालाही जमला नसता.

चूक झाली ती दुसरीकडेच. पडवीतली चूल वाळल्यावर नलूने तिची पूजा केली, नारळ फोडला आणि पहिलं दूध उतू जाऊ दिलं. सोनाबाईने ते पाहिलं आणि होऊ दिलं. साहेबाला राख आणि नारळाची शेंडी दिसली की बरंच, असं तिला वाटलं. खारेपाटात दूध उतू गेलेली चूल म्हणजे एक घर. ती विझवायची तर जिने पेटवली तिनेच. दुसऱ्याने तिला पाय लावला, तर घरावर चालून गेल्यासारखं. हे सोनाबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. एकशे ऐंशीच्या आकड्यापुढे ते तिच्या ध्यानात राहिलं नाही.

चुली मोजायला सरकारी साहेब आले तेव्हा शेजारच्या सदाने गोठ्यातसुद्धा चूल घातली होती; म्हशीचं नाव लावायचं तेवढं बाकी होतं. त्याच्या चुलतभावाने साहेबांपुढे चुगली केली, तेव्हा सदाने तिथल्या तिथे त्याचे पुढचे दोन दात पाडले. साहेबांनी गोठ्यातली चूल खोडली, दातांची नोंद कुठेच केली नाही आणि सोनाबाईच्या अंगणात येऊन टोपी काढून घाम पुसला.

"म्हातारे, पूर आला की घरं कमी होतात. तुमच्यात वाढली कशी?"

"साहेब, पानी आलं की मानसं भांडतात," सोनाबाई म्हणाली. "भांडली की चुली वाढतात."

साहेब हसले आणि त्यांनी तीन मांडल्या.

मार्गशीर्षात चावडीवर वाटप झालं. बायका रांगेत, पुरुष लांब चिंचेखाली. ठमाबाईने अंगठा उठवला, नोटा घेतल्या आणि चावडीची पायरी उतरायच्या आत सासूच्या हातात ठेवल्या. नलूने नोटा घेतल्या, त्यांची घट्ट घडी केली आणि लुगड्याच्या गाठीत बांधली. सोनाबाईने मागायचं ते घरी पोचेपर्यंत राखून ठेवलं. रस्त्यात बोलणं म्हणजे गावाला फुकट जेवण.

घरी पडवीत नलूने पेजेचं मडकं चुलीवर ठेवलं, तेव्हा सोनाबाई समोर उभी राहिली.

"दे."

"कशाला?"

"खांडीला. कशाला म्हंजे?"

"खांडीला मीबी देनार. मजुरांना देईन, माझ्या हातानं."

"हात कुनाचाबी असो, पैका तोच."

"मग माझाच असू दे की."

चाळीस वर्षं त्या घरात येणारा पैसा सोनाबाईच्या मुठीत यायचा आणि मुठीतून जायचा. तिच्या सासूची मूठ मेल्यावर उघडली होती, आणि आपलीही तेव्हाच उघडेल असं ती धरून चालली होती. ज्याला उत्तर सुचत नाही तो थोरल्या मुलाला हाक मारतो.

"भागोजी, ही चूल मोड."

भागोजी कुदळ घेऊनच आला. नलू चुलीपुढे आडवी झाली.

"दादा, पाय लावू नका. नारळ फुटलाय हिच्यावर."

"आये बोलली ना? सर."

त्याने तिला ढकललं. ती खांबावर आदळली. त्याने चुलीला लाथ घातली, पहिल्याच लाथेला तोंड ढासळलं आणि उकळती पेज मडक्यासकट त्याच्या पायावर आली. भाजलेलं माणूस विचार करत नाही. भागोजीने नलूचे केस मुठीत धरले, तिला ओढत आणली आणि तिचं तोंड विझत्या राखेत दाबलं.

शिवदास शेतातून येत होता, खांद्यावर फावडं. पडवीत पाय टाकला तेव्हा त्याला भावाची पाठ दिसली आणि त्या पाठीखाली बायकोचे हलणारे पाय दिसले. फावड्याचं पातं आडवं करून त्याने घाव घातला. केस धरलेल्या हाताच्या मनगटावर तो बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि भागोजीचा पंजा लोंबू लागला. तरी त्याने दुसऱ्या हाताने शिवदासाचा गळा धरला. दोघे पडवीतून अंगणात पडले, तुळशीपर्यंत लोळत गेले. शिवदासाने भावाच्या जखमेवर गुडघा रोवला. भागोजीने भावाच्या गालाचा लचका तोडला.

सोनाबाईने चुलीतलं तिवराचं जळतं लाकूड उचललं. तिने ते शिवदासाच्या पाठीवर मारलं, एकदा, दोनदा, कातडी चरचरली तशी तिसऱ्यांदा. नलू राखेतून उठून आडवी आली. चौथा वार तिच्या हातावर बसला, कोपरापासून मनगटापर्यंत. दुसरा हात तिने लुगड्याच्या गाठीवर तसाच घट्ट धरला होता. ते पाहून सोनाबाईने पाचव्यांदा लाकूड उगारलं, पण मध्ये ठमाबाई ओरडली, "आत्याबाय, ह्यांचं रगत थांबत न्हाय!"

गावात पोलीस बोलावायची रीत नव्हती. भागोजीला बैलगाडीत घालून पेणला नेलं. मनगट सांधलं, बोटं मात्र मिटेनात. डॉक्टर, औषध, गाडी मिळून चाळीस रुपये झाले. बियाण्याचे चाळीस गेले. आता सोनाबाईपाशी ऐंशी होते, आणि ते दगडांचे. मजुरांचे साठ पडवीत होते.

पडवीत नलूने चूल पुन्हा घातली होती. त्यासाठी माती आणली शिवदासाने. त्याच्या पाठीला अंगरखा सोसत नव्हता, गालावर लचक्याची जखम होती. माजघर आणि पडवीच्या मधल्या दाराला आतून कडी लागलेली असायची. भागोजी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि आई आली की डोळे मिटून घ्यायचा.

पौषातल्या अष्टमीला भांगाचे दिवस येणार होते. पाण्याला जोर कमी, खांड बुजवायची ती तेव्हाच. त्यानंतरच्या उधाणात खांड दुप्पट होईल हे पोराटोरांनाही कळत होतं. सोनाबाई दोन दिवस पडवीवरून नुसतीच ये-जा करत राहिली. तिसऱ्या दिवशी थांबली.

"अष्टमीला खांड घालायची हाय."

"ठाव हाय," नलू भाकरी थापत म्हणाली. डाव्या हाताला फोड आले होते, म्हणून ती एकाच हाताने थापत होती.

"मजूर आठ लागतील."

"सांगून आलेत हे. आठच. रोज सांजच्याला मी पैसे देईन, एकेकाच्या हातात."

"पयल्या दिवशी हेच बोलली होतीस."

"हेच बोलले होते."

सोनाबाईने त्या हाताकडे पाहिलं. "खोबरेल लाव."

"लावलंय."

चार दिवस काम सुरळीत चाललं. होड्यांतून दगड उतरले, बांबूंच्या मेखा ठोकल्या, कुडाचे तट्टे लावले, त्यांच्या आत चिखलाचे गोळे पडू लागले. संध्याकाळी मजूर ओळीने उभे राहायचे आणि नलू गाठ सोडायची. एकाने पन्नास नव्या पैशांचं नाणं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "वयनी, हे चालतंय ना बाजारात?" नलू म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरं चालतंय." मजूर हसले. सोनाबाई लांब बसून मोजत राहायची. पैसे बरोबर जात होते. तिला तेच जास्त लागत होतं.

पाचव्या दिवशी खांड दोन हात उरली. ओहोटी संपायला आली होती. पाणी फिरायच्या आत ती बुजायला हवी. शिवदास छातीपर्यंत चिखलात उतरून शेवटचा तट्टा पाठीने दाबून उभा होता. तो सुटला तर चार दिवसांचं काम भरतीबरोबर शेतात जाणार होतं.

भागोजी बांधावरून आला. उजवा हात गळ्यात, डाव्या हातात फावडं. ठमाबाई मागून धावत होती आणि त्याचा सदरा ओढत होती.

"माझा हात गेला," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आता मी काय पिकवनार? ह्याचंच पिकायचं ना? त्यापरीस खाडीचंच पिकू दे."

त्याने डाव्या हाताने फावडं उचललं आणि शिवदासाच्या डोक्याच्या वर रचलेल्या बांधाच्या ओल्या मातीत घातलं. मातीचा लोंढा भावाच्या मानेवर आला. दुसऱ्या घावाला तट्टा कलला आणि पाण्याची जाड धार आत घुसली. शिवदासाच्या तोंडात चिखल गेला, पण त्याने पाठ हलवली नाही. मजूर जिथल्या तिथे उभे राहिले. त्यांचा रोज मातीचा होता, भाऊबंदकीचा नव्हता. नलू पलीकडच्या टोकाला होती. घमेलं टाकून ती धावली, पण मध्ये खांड.

सोनाबाई भागोजीच्या मागे होती. तिच्या पायाशी बांबूची मेख पडली होती, हातभर लांब. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि थोरल्या मुलाच्या कानामागे मारली. तो गुडघ्यावर बसला. "आये," तो म्हणाला आणि फावड्याचा आधार घेऊन उठू लागला. म्हणून तिने दुसरा घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. भागोजी शेताच्या बाजूला उतारावरून घसरत गेला आणि खाऱ्या चिखलात तोंडावर पडला. ठमाबाईने उडी टाकून त्याचं तोंड वर धरलं.

सोनाबाई मजुरांकडे वळली. तिच्या हातातल्या मेखेला केस चिकटले होते.

"काय बघताय? बघन्याचा रोज घेता काय? टाका माती."

माती पडू लागली. नलूने पलीकडून तट्ट्याला खांदा लावला आणि शिवदासाने तोंडातला चिखल थुंकला. दगड, माती, पुन्हा दगड. धार बारीक झाली, मग नुसतं पाझरणं राहिलं, मग तेही थांबलं. दुपारी भरती आली. पाणी नव्या मातीवर चढत गेलं, माथ्याच्या वीतभर खाली थांबलं आणि तिथेच हलत राहिलं.

संध्याकाळी नलूने शेवटचे बारा रुपये मोजून दिले आणि मोकळी गाठ सोडून झटकली. भागोजी बांधाच्या पायथ्याशी बसला होता. ठमाबाईने त्याच्या डोक्याला पदर फाडून बांधला होता, तो भिजून लाल झाला होता. सोनाबाई उतरून त्याच्यासमोर जाऊन बसली.

"माझं शेत येगळं पायजे," तो म्हणाला. "तलाठ्याकडून लिवून."

"देते. चूल येगळी झाली, शेत एक कशाला ठेवू?"

"उद्याच्याला."

"उद्याच्याला घे. पर मीठ धुवाया दोन पावसाळे लागतील, आनि बांध हाय एकच. तो मला कापून देता यायचा न्हाय."

भागोजी बाजूला थुंकला, थुंकीत रक्त होतं. "तू मला मारलंस."

"मारलं."

"आता तुझ्या हातचं मी खानार न्हाय."

"नको खाऊ. ठमा शिजवते, तिच्या हातचं खा. दर साली बांधाला माती लागनारच; तुझ्या वाट्याची ठमानं टाकली तर मजुरीचे पैसे तिच्याच हातात पडतील." मग ती ठमाबाईला म्हणाली, "ऐकलंस? मला द्यायचे न्हायत. माझ्याकडं आनू नको."

ठमाबाईने नवऱ्याच्या डोक्यावरचा पदर आणखी घट्ट ओढला आणि मान हलवली. भागोजी कण्हला.

सोनाबाई उठली. पाणी अजून उतरायचं होतं. ओल्या मातीवर एकेक पाय दाबत, कुठे खचतं आहे ते बघत ती खांडीवरून पलीकडे चालत गेली. नलू तिथे घमेली धूत होती. नलूने तिच्या वाटेतलं घमेलं बाजूला ओढलं.