खुणेपर्यंत भरलेला समुद्र

मुलगी पाहायला गेल्यावर मुलीनं मुलाला प्रश्न विचारू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. रिठदच्या जानरावांना मात्र ते कुठेतरी लिहिलेलं असणार अशी खात्री होती. म्हणून कारंज्याच्या त्या बैठकीत, पोह्यांच्या बश्या उचलल्या गेल्यावर, निकितानं त्यांच्या हरीओमला सरळ विचारलं, "रोज एकच काम, तेवढंच, डोकं न चालवता करता येते का तुमाले?" तेव्हा जानराव आधी गोंधळले आणि मग मुलाच्या वतीनं त्यांनीच मान डोलावली. डोकं न चालवण्याबाबत त्यांना शंका नव्हती.

निकिता माती-पाणी तपासायच्या एका खासगी प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिच्या घरात पलंगाएवढी काचेची टाकी होती. टाकीत समुद्र होता. कारंज्याहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र काही एसटीच्या एका तिकिटात येत नाही. हा तिनं घरीच केला होता. समुद्री मिठाची बादली कुरियरनं यायची, त्यात आरोच्या जारचं पाणी, की झाला समुद्र. त्यात मासे होते, पण मासे म्हणजे नुसते बघे. खरं घर प्रवाळाचं होतं.

तिनं हरीओमच्या पुढ्यात एक छोटी टाकी सरकवली. चाळीस लिटरची, दिवा-पंपासकट. आत एका दगडावर प्रवाळ होतं, हिरव्या बटणांचा पुंजका चिकटावा तसं. बटणं उघडलेली होती आणि हलत होती.

"हे जिवंत हाये," ती म्हणाली. "महिन्याभरानं मी रिठदले येईन. तवाही जिवंत असलं तं बोलू पुढचं. याच्याआधी दोघायले देल्लं होतं."

"मंग?"

"एकानं लाडानं पेढा चारला. दुसऱ्यानं पानी स्वच्छ दिसाव म्हनून तुरटी फिरवली."

हरीओमला दोघांचंही वाईट वाटलं. त्याच्याही डोक्यात तुरटी येऊन गेली होती.

काम सोपं होतं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून काचेवर मारलेल्या खुणेपर्यंत रोज जारचं साधं पाणी भरायचं. मग दुर्बिणीसारख्या एका नळीच्या काचेवर टाकीतला एक थेंब ठेवायचा, डोळा लावायचा, आणि मीठ पस्तीसवर आहे ना ते पाहायचं. दुसऱ्या एका बाटलीनं अल्कलिनिटी मोजायची, म्हणजे पाण्यातला सोडा म्हणा. प्रवाळ तो खातं आणि त्याचं हाड करतं. सोडा कमी पडला तर खायच्या सोड्याचं पाणी थेंबथेंब घालायचं. अडीअडचणीला म्हणून समुद्री मिठाची एक बादलीही तिनं सोबत दिली.

"आन एक," निकिता म्हणाली, "एकदम कायीच करू नका. चांगलं कामही एकदम नाई."

उन्हाळ्यात रिठदला समुद्र आला ही बातमी दुपारपर्यंत पारावर पोचली. निकितानं पोवळं दिलं, एवढंच जानरावांना कळलं होतं.

"पोवळं तं अंगठीत राह्यते," ते म्हणाले. "मंगळ असल पोरीले. आपल्याले सांगतलं नाई त्यायनं."

"एवढं मोठं बोटात कसं घालाव?" हरीओमच्या आईला, तुळसाबाईला, खरोखरच प्रश्न पडला.

प्रवाळाला पाणी सव्वीस अंशांच्या आसपास लागत होतं आणि वाशीम जिल्हा त्या आठवड्यात चव्वेचाळीसवर होता. घरात कूलर एकच. तो जानरावांच्या खाटेजवळून उचलून टाकीकडे तोंड करून ठेवला गेला. जानराव ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन ओसरीत झोपू लागले. येणारा-जाणारा विचारी, "काहून बापू, बाहीर?" जानराव सांगत, "आत सून झोपली हाये."

हरीओम मात्र सुधारला. सोयाबीनच्या पेरणीची तारीखसुद्धा ज्याला बापाकडून तीनदा ऐकावी लागे, तो आता सकाळी तोंड धुवायच्या आधी नळीला डोळा लावू लागला. बटणं उघडी दिसली की तो पोटभर जेवायचा. मिटलेली दिसली की तुळसाबाईला भाकरी परत टोपल्यात ठेवावी लागे. चौतिसाव्या वर्षी, बारा ठिकाणचे पोहे खाऊन झाल्यावर, आपलं लग्न बटणाएवढ्या एका तोंडावर अवलंबून आहे हे त्यानं निमूट मान्य केलं होतं.

त्यात एक गोष्ट त्याला फार आवडली. टाकीतलं पाणी उडतच नव्हतं. बाहेर विहिरी तळ दाखवत होत्या, म्हशीचं टाकं दुपारी भरलं तर संध्याकाळी ओलसर उरे, पण समुद्र बरोब्बर खुणेला. जारचं झाकण उघडायचंही काम पडेना. हरीओमला वाटलं, आपला हात चांगला आहे.

मग मीठ उतरायला लागलं. पस्तीसचं चौतीस झालं, चौतिसाचं बत्तीस. त्यानं नळी पुसली, साध्या पाण्याचा थेंब ठेवून पाहिला. शून्य दाखवलं, म्हणजे नळी शहाणी होती. टाकी कुठे गळते का म्हणून त्यानं खालून हात फिरवला. कोरडी. मीठ उडत नाही असं निकितानं सांगितलं होतं, आणि तिनं सांगितलेलं खोटं निघावं यापेक्षा आपण आंधळे व्हावं हे त्याला बरं वाटत होतं. मीठ तिसाच्याही खाली गेलं. बटणं अर्धीच उघडू लागली.

निकिता यायच्या आदल्या दिवशी मीठ अठ्ठावीस होतं. सोडा मात्र आठ. पहिल्या दिवशी आठ, आजही आठ, आणि त्यानं खायच्या सोड्याचा एक थेंबही घातला नव्हता. प्रवाळ रोज खात होतं तरी आठच. म्हणजे मीठ कोणीतरी नेतंय आणि सोडा कोणीतरी आणून टाकतंय. असा चोर वाशीम जिल्ह्यात तरी त्यानं ऐकला नव्हता.

विचार करत तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. ओट्यावर कुकर पालथा घातलेला होता. त्याच्या तळाला पांढरा थर. बोअरच्या पाण्यातल्या सोड्या-चुन्याचा. घासून न जाणारा, पिढ्यान्‌पिढ्या रिठदच्या भांड्यांवर बसत आलेला.

हरीओम तसाच पुढच्या खोलीत आला. टाकीचं झाकण बाजूला होतं. शेजारच्या ललिताबाई तांब्या बुडवून उभ्या होत्या, आणि तुळसाबाई त्यांच्यामागे बोअरच्या पाण्याची कळशी घेऊन.

"काकू! काय करून राह्यल्या?"

"काई नाई रे. समुद्र घेऊन राह्यली."

"कायले?"

"आंघोळीच्या बादलीत तांब्याभर टाकलं का समुद्रस्नान होते. तुह्या मायनंच सांगतलं."

तुळसाबाई अजिबात दचकली नाही. "सगळ्या नद्या तथीच जातात ना? आपली पैनगंगाही तथीच जाते. म्हंजे अर्धं पानी आपलंच होय."

"माय, हा समुद्र बादलीतून आला! कुरियरनं!"

"देवही मूर्तिकाराकडूनच येते," तुळसाबाई म्हणाली.

"किती जनी नेतात?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. किती जणी नेत नाहीत, हे सांगणं सोपं गेलं असतं.

"पन फुकट नाई नेलं कोनं," ललिताबाई दुखावून म्हणाल्या. "कोनाच्या घरून भांडं रिकामं परत करतो का आपन? जेवढं घेतलं तेवढं टाकलं. वरतून तुह्या त्या खुणेपर्यंत भरून देल्लं. एक दिस कमी नाई पडू देल्लं, इचार मायले."

हरीओम खाली बसला. जिल्ह्यातला सगळ्यात प्रामाणिक दरोडा त्याच्या घरात पडला होता.

"उद्या येऊन राह्यली ते," तो म्हणाला. "ते मोजन. अठ्ठावीस निंगन."

"किती निंगाले पायजे?"

"पस्तीस."

"मंग टाक ना मूठभर मीठ! बादली पडली हाये तुयी," तुळसाबाई म्हणाली. "भाजीत कमी पडलं तं वरतून टाकतोच ना आपन?"

"भाजी मेलेली राह्यते, माय."

पण दोघी गेल्यावर तो मिठाची बादली जवळ ओढून बराच वेळ बसला. एका भांड्यात कालवून ओतलं असतं तर नळीनं उद्या पस्तीसच दाखवलं असतं. बटणं मरायला एक-दोन दिवस तरी घेतात. तेवढ्यात पेढे वाटून झाले असते. तेरावे पोहे कोणाकडे खायचे, हेही ठरलेलं नव्हतं.

त्यानं बादलीला झाकण लावलं आणि झाकणावर म्हशीच्या पेंडेचं पोतं ठेवलं. स्वतःवर त्याचा एवढाच विश्वास होता.

निकिता सकाळच्या एसटीनं आली, एकटीच. बैठकीला म्हणून जमलेल्या पाच-सात बायका टाकीभोवती अशा उभ्या होत्या, जणू आत कोणी आजारी आहे. निकितानं चहा बाजूला ठेवला, थेंब घेतला, नळी डोळ्याला लावली.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

 

"यानं कायी नाई केलं वो पोरी," ललिताबाईंना राहवलं नाही. "आमी नेलं. परत केलं, पन गोडं केलं."

मग सगळं बाहेर आलं. तांबे, कळशी, खूण, पैनगंगा. निकितानं ऐकून घेतलं, मग सोडा मोजला. आठ. तिनं पुन्हा मोजला. पुन्हा आठ.

"सोडा तं जागचा हलला नाई," ती म्हणाली.

"आमचं बोअरच तसं हाये," जानराव ओसरीतून अभिमानानं म्हणाले. त्या पाण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कोणी चांगलं बोललं होतं.

निकिता हरीओमकडे वळली. "कधी समजलं तुमाले?"

"काल."

"मंग मीठ काहून नाई टाकलं रात्री? मले समजलं नसतं."

"त्याले समजलं असतं," हरीओम टाकीकडे बोट करून म्हणाला. "एकदम टाकलं असतं तं मेलं असतं. आता जारच्या पान्याऐवजी रोज खारं पानी टाकतो खुणेपर्यंत. आठ-दहा दिसात येते जागेवर, त्याले पत्ताही नाई लागनार." मग तो म्हणाला, "तुमाले नाई म्हनायचं असन तं म्हना. पन हे अथीच राहू द्या तवरोक. एसटीत हेंदकळन."

निकितानं काचेला नाक लावलं. बटणं अर्धी उघडी होती. अर्धी म्हणजे जिवंत.

"हो म्हनते," ती म्हणाली. "पन एकदम नाई."

बैठकीत हो म्हणायची ही पद्धत कोणालाच माहीत नव्हती, म्हणून तिनं ती समजावून सांगितली. नवा जीव नव्या पाण्यात टाकताना त्यात ते पाणी थेंबथेंब मिसळतात. आधी थोडा वेळ, मग जास्त, मग कायमचं.

"बरोब्बर हाये," तुळसाबाई म्हणाली. "ये तू आइतवारी घंटाभर. मंग दोन घंटे. आमचं पानी सवयीचं झालं का कायमची ये."

"मी नाई," निकिता म्हणाली. "माह्या घरी तीनशे लिटर हाये. टाकी हालवली तं मरते. मानूस हालवला तं कुरकुरते, मरत नाई."

हे कोणाबद्दल बोलणं चाललं आहे ते खोलीत हळूहळू पसरलं. सगळ्यात शेवटी ते हरीओमपर्यंत पोचलं. जानराव आत आले, कूलर उचलला आणि आपल्या खाटेकडे वळवला.

"काय करून राह्यला बाबा?" हरीओम ओरडला. "पानी तापन!"

"जावई तिकडं, समुद्र इकडं," जानराव म्हणाले. "वाटणी झाली. कूलर अर्धा अर्धा घंटा."

पुढच्या रविवारी हरीओम वाशीमला बस बदलून कारंज्याला निघाला, तासाभरासाठी. आदल्या दिवशी मीठ बत्तीसवर आलं होतं आणि टाकीला ललिताबाईंच्या हातची चिठ्ठी लावलेली होती, की समुद्र काही दिवस बंद आहे. तुळसाबाईनं त्याच्या हातात बोअरच्या पाण्याची दोन लिटरची बाटली दिली.

"पराया गावचं पानी बाधते," ती म्हणाली. "एकदम नोको पिऊ."

कारंज्याला निकिताच्या आईनं पाण्याचा गडू पुढे केला. हरीओमनं बाटली काढली, गडूतलं अर्धं पाणी कुंडीत ओतलं, बाटलीतलं तेवढंच गडूत भरलं आणि प्यायला. निकिताच्या आईला हे काय ते कळलं नाही. निकितानं गडू उचलून पाहिला. तळाला पांढरं काही बसलंय का, ते.