पेंढ्यावरचं पहिलं पाऊल

माणूस हा धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे. चित्ता घटकाभरात धापा टाकतो, घोड्याला पाणी दाखवावं लागतं. पण भर उन्हात मैलोन्‌मैल धावत राहण्याची देणगी सृष्टीने दिली ती या दोन पायांच्या जिवाला. हे उद्गार मी शेणवे गावात, धाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, गुडघ्याला पट्टा लावून आणि दुसऱ्या चहाची वाट बघत काढले.

धाऊची बायको काशी भाताचे भारे सोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मंग उठा की नाना. ते कडेचे चार भारे आणा बघू धावत."

मी विषय बदलला.

मी तिथे होतो तो रुचितामुळे. ही माझ्या मुरबाडच्या मित्राची मुलगी. मुंबईत एका संस्थेत पीएच.डी. करते. विषय, माणसाचा पाय. तोही धावतानाचा. "आणि बाकीचा माणूस?" असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "गुडघा दुसऱ्या मुलाकडे आहे, काका."

तिने मला समजावलं ते असं. धावणारा माणूस म्हणजे एक गोळा आणि त्याखाली एक स्प्रिंग. गोळा म्हणजे आपलं सगळं अंग, त्यात डोकं, पोट आणि अहंकार आला. स्प्रिंग म्हणजे पाय. पाय जमिनीवर टेकला की दबतो, दबला की उसळतो. किती जोर आला आणि किती दबला, या दोन आकड्यांवरून ती स्प्रिंग कडक की मऊ ते कळतं. खरी गंमत पुढे आहे. जमीन मऊ असली की पाय आपला आपण कडक होतो, जमीन कडक असली की पाय मऊ. दोघं मिळून असं जमवतात की वरच्या गोळ्याला खालचं काही कळू नये. रबराच्या पट्ट्यांवर, बुटांतल्या पायांनी हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. रुचिताला ते बघायचं होतं शेणाने सारवलेल्या खळ्यावर, अनवाणी पायाने, पेंढ्यावर. आणि तेसुद्धा पहिल्याच पावलात. खळं संपून पेंढा लागतो, त्या पहिल्या पावलाला पाय बदलतो का? की दोनचार पावलं चाचपडतो?

त्यासाठी तिने संस्थेकडून एक फोर्स प्लेट आणली होती. दोन पाट शेजारी ठेवावेत एवढी, चकचकीत, आणि आत नाजूक. पाय पडला की जोर मोजणारी. ती दोनच दिवसांसाठी मिळाली होती. आज पाच वाजता गाडी येऊन ती घेऊन जाणार, मग पुन्हा मिळणार पुढच्या पावसाळ्यानंतर; आणि रुचिताची मुदत त्याआधीच संपत होती. तिच्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, शेतावरचे आकडे आले तर ते प्रकरण प्रबंधात राहील, नाही तर तीन वर्षांची मेहनत वगळून टाक.

आदल्या संध्याकाळी तिने आणि धाऊने खळ्याच्या मधोमध खड्डा करून, तळाला फरशी घालून ती प्लेट बसवली, जमिनीशी सपाट, आणि आम्ही सापगावला माझ्या घरी मुक्कामाला गेलो. सकाळी परत येऊन बघतो तर प्लेटवर हळदीकुंकवाची पाच पाच बोटं, झेंडूची फुलं, आणि मधोमध फोडलेल्या नारळाचं पाणी.

रुचिता जागच्या जागी खाली बसली.

"काशीमावशी, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? काल खळ्याची पूजा केली, तेचाच नारळ. टॅक्टर आला तवा केली, मळणीची मशीन आली तवा केली. तुझा पाट काय परका हाय?"

पाणी आत गेलेलं नव्हतं. रुचिताने चारदा तपासलं आणि श्वास सोडला. तो फार लवकर सोडला, हे तासाभरात कळलं.

धावायला चौदा जणं जमली होती. काही गावातली, काही वरच्या वाडीची. सगळी भातझोडणीला आलेली, सगळी अनवाणी. पहिला गडी सुरेख धावत आला, प्लेटपाशी पोचला आणि हरणासारखी उडी मारून पलीकडे गेला. दुसरा, तसाच. तिसऱ्याने तर उडी मारता मारता नमस्कारही केला. लॅपटॉपवर रेघ सपाट. शेणव्यात कोणाला पायच नाहीत असं त्या यंत्राचं ठाम मत पडलं.

"उडी नका मारू," रुचिता विनवत होती. "पाय ठेवायचाय त्याच्यावर."

"पूजा केलेल्याला पाय कसा लावायचा, बाय?"

रुचिताने ओल्या फडक्याने कुंकू पुसून काढलं. काशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "कुकू पुसलंस म्हंजे देव पुसला व्हय?"

मी उभा राहिलो. यंत्र, श्रद्धा आणि विज्ञान यांवर मी साधारण दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो. शेवटी धाऊ म्हणाला, "नाना, बसा, पट्टा सुटलाय तुमचा." साडेबारा वाजले होते.  रुचिता सपाट रेघेकडे बघत नखं खात होती.

तेव्हा सावळी बोलली. ती वाडीवरची, पस्तिशीची असेल. सकाळपासून एका अंगाला फळीवर भात झोडत होती आणि या सगळ्या प्रकारात तिने एकदाही हात थांबवला नव्हता. हातातली पेंडी फळीवर आपटत ती म्हणाली, "काशीवयनी, काल खळ्याला पन नारल फोडलास ना?"

"फोडला."

"हळदीकुकू लावलंस?"

"लावलं की."

"मंग सकालपासना आमी तेच्यावर नाचताव, ते तुला चालतं. आमी काय हवेत झोडताव गो?"

 काशीने खळ्याकडे पाहिलं, मग प्लेटकडे, मग सावळीकडे. खळं देवच, पण त्याच्यावर पाय पडल्याशिवाय दाणा सुटत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ज्याची पूजा करायची त्याच्यावर पाय द्यायचा, पण विचारून, एवढाच मुद्दा होता. माझ्या दहा मिनिटांत तो कुठेही आला नव्हता.

काशी प्लेटपुढे बसली. तिने तळहात टेकला. "बाय माझे, लेकरांचा पाय लागल. राग धरू नको. कामाला आलीस, काम कर." मग उठून चौदा जणांवर ओरडली, "बगताव काय? हात लावून पाया पडा नि धावा!"

एकेक जण वाकून, हात कपाळाला लावून, वीस पावलं मागे जाऊन धावू लागला. रेघा उठल्या. प्रत्येक पावलाला एक डोंगर, पलीकडे माहुली गडाचे सुळके दिसत होते तसा. रुचिता हसली आणि हसतानाच तिने डोळे पुसले.

मग प्लेटवरून पुढे पेंढ्याचा जाड पट्टा अंथरला, म्हणजे पेंढ्यातलं पहिलंच पाऊल प्लेटवर पडावं. "मी जाते आदी," सावळी म्हणाली. तिने पदर खोचला, पेंढा बाजूला सारून प्लेटला हात लावला, पेंढा पुन्हा नीट केला, मागे गेली आणि धावली.

डोळ्यांना दिसलं ते एवढंच, की एक बाई आली आणि गेली. पण रुचिताचा कॅमेरा एका क्षणाचे शेकडो तुकडे करतो. ते तुकडे तिने सावकाश फिरवले आणि मी खुर्ची पुढे ओढली.

जमिनीला लागायच्या आधीच बोटं पसरली होती. पाऊल टेकलं. सगळं अंग त्याच्यावर उतरू लागलं, घोट्यावर, गुडघ्यावर, पोटरीवर. टाचेमागची जाड शीर धनुष्याच्या दोरीसारखी ताणली गेली. पेंढा खाली खाली जात होता आणि पाय तेवढाच कमी वाकत होता. जितकं पेंढ्याने दबायचं तितकं पायाने दबायचं सोडून दिलं. मग तीच शीर सुटली आणि ज्या वजनाने पाय खाली दाबला होता त्याच वजनाला तिने वर फेकलं. कुठे धक्का नाही, कुठे अडखळ नाही.

रुचिताने सावळीच्या डोक्याचा मार्ग पडद्यावर काढला. एक लाट, तिच्यामागे एक लाट, तिच्यामागे एक. "काका," ती म्हणाली, "खालचा अर्धा भाग हाताने झाका. आणि सांगा, पेंढा कुठे सुरू झाला."

मी तळहाताने पाय झाकले. वरचा अर्धा भाग पाहिला. पुन्हा पाहिला. चष्मा पुसून पाहिला. डोक्याची लाट कडक खळ्यावर जेवढी, पेंढ्यावरही तेवढीच. कुठे जमीन बदलली ते सांगता येईना.

"पहिलंच पाऊल," रुचिता कुजबुजली.

पुढच्या वेळी सावळीला पाठमोरी उभी करून धाऊने वरून कळू न देता पेंढा पातळ केला. पाऊल पडलं, पायाने जुळवून घेतलं, डोकं लाटेवरून पुढे गेलं. "हे इतक्या लवकर झालं की मेंदूला खबर जाऊन उलट निरोप यायला सवडच नव्हती," रुचिता म्हणाली. "म्हणजे पायाची घडणच अशी आहे. तो विचारत बसत नाही."

मोठमोठ्यांचे पाय मातीचे असतात, हे माझ्या साप्ताहिकात छापून मी चाळीस वर्षं पोट भरलं. मातीवर पडणारा पाय मात्र इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्या खळ्यावर चौदा माणसं होती आणि प्रत्येकाच्या कमरेखाली हे चाललेलं होतं. पाण्याला जाताना, म्हशीमागे पळताना, आणि कोणी एकदाही त्याबद्दल वर चौकशी केलेली नव्हती. मला काही विनोद सुचेना. मी माझ्या गुडघ्यावरचा पट्टा हळूच सोडला आणि त्या गुडघ्याकडे जरा आदराने पाहिलं.

साडेचारला चौदाही जणांचे आकडे पुरे झाले. प्रकरण वाचलं होतं. पण सावळीच्या आकड्यांपाशी रुचिता थांबली. सावळी आठ वेळा धावली होती. चार वेळा प्लेटवर उजवा पाय पडला, चार वेळा डावा. डाव्याचा डोंगर चारही वेळा बुटका. टेकायचा तो बाहेरच्या कडेवर, आणि झटकन उचलायचा.

तिचा चेहरा उतरला. "नारळाचं पाणी!" घाईघाईने तिने बाकीच्यांचे आकडे काढले. सगळ्यांचे दोन्ही पाय सारखे. प्लेट ठणठणीत होती. वेगळी होती ती सावळीच.

"काका, दोन पायांच्या दोन वेगळ्या स्प्रिंगा! आणि तरीही डोक्याची लाट तीच!"

"उतारावरची वाट," मी म्हणालो. माझ्या अंगात आता विज्ञान शिरलं होतं. "वाडीवरून रोज खाली यायचं, एक पाय डोंगराच्या बाजूला, एक दरीच्या. पिढ्यान्‌पिढ्या."

"एक वेगळं प्रकरण होईल ह्याचं," रुचिता म्हणाली आणि वहीत मोठ्या अक्षरांत मथळा लिहायला लागली. बांधापाशी गाडी येऊन हॉर्न वाजवत होती. ती तशीच वही छातीशी धरून सावळीकडे गेली. सावळी उरलेल्या पेंड्या झोडत होती.

"सावळीताई, एकच विचारते. तुमचा डावा पाय पहिल्यापासून असाच पडतो? लहानपणापासून? तुमच्या आईचा, आजीचा पण असाच?"

सावळीने पेंडी खाली ठेवली. एका हाताने फळी धरून तिने डावं पाऊल उचललं, उलटं केलं आणि रुचितापुढे धरलं.

"नाय गो बाय. सकाली येताना करवंदीचा काटा मोडलाय. तुझ्याजवल पिन आसल तर तेवढा काढून दे."