शेवटचा रकाना

छोट्याने बिअर तोंडात घेतली, डोळे मिटून या गालातून त्या गालात घोळवली आणि खाली वाकून काचेच्या मोजपात्रात थुंकली. ताईने चष्मा नाकावर सरकवून पात्रावरच्या रेघांकडे पाहिलं.

"किती?" त्याने विचारलं.

"तीस."

"तीसच घेतली होती."

"लाळ धरून पस्तीस भरायला हवी."

"अगं, आता लाळही मोजणार का?"

"तुझी? हो."

तो हसला आणि वहीत लिहू लागला. छोट्या शेहेचाळीस वर्षांचा होता, दारातून जाताना मान वाकवावी लागेल इतका उंच, पण ताईच्या तोंडून ते नाव काही सुटलं नव्हतं. ती एकसष्ट वर्षांची. औषधांच्या दुकानात तीस वर्षं सिरप मोजून देण्यात गेली, त्यामुळे बाटली नुसती हलवली तरी आत किती उरलंय ते ती सांगायची. मोजपात्र तिचंच, दुकानातून निवृत्त होताना आणलेलं. असल्या कामासाठी ते वापरावं लागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

छोट्या बिअर बनवायचा. गावातल्या एका लहानशा ब्रूअरीत तो कारागीर होता आणि हात असा, की बाहेरून लोक त्याच्या बिअरसाठी यायचे. पण बनवता बनवता तो प्यायला लागला, आणि पिता पिता पार हाताबाहेर गेला. बायको मुलीला घेऊन गेली ती गेलीच. मग पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे एक घोटही नको, आणि एक घोट म्हणजे एकच घोट, उगाच चमचा-दोन चमचे असले सौदे माझ्याशी करू नका. छोट्याने ताईच्या गळ्याची शपथ घेतली. पंधरा दिवसांनी कपडे धुवायच्या मशीनमध्ये बाटली सापडली. त्याने पुन्हा तीच शपथ घेतली. दोन खोट्या शपथा पचवून आपण अजून धडधाकट आहोत, याचं ताईलाच कधीकधी नवल वाटायचं.

मालकीण मात्र भली बाई. तिने त्याला कामावरून काढलं नाही. उन्हाळ्याआधी तिला एक नवी बिअर काढायची होती आणि आसपासच्या ब्रूअऱ्यांमध्ये काय चाललंय ते चाखून बघायला छोट्यासारखी जीभ दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तिने दोन अटी घातल्या. चाखायचं आणि थुंकायचं, आणि सोबत घरचं माणूस हवं. घरचं माणूस म्हणजे ताईच. म्हणून दर शनिवारी दुपारी भाऊ-बहीण पिशवीत मोजपात्र घेऊन निघत. पेल्यात जेवढी ओतली तेवढी पात्रात परत आली पाहिजे, हा ताईचा कायदा.

आजचा चौथा शनिवार, चौथी ब्रूअरी. पूर्वी इथे टायरचं गोदाम होतं, अजून एका कोपऱ्यात रबराचा वास यायचा. लांबलचक बाक, भिंतीला टेकून उभ्या चार चकचकीत टाक्या, जमिनीवर पाण्याचे ओघळ. इथला दाढीवाला कारागीर छोट्याचा जुना दोस्त. त्याने आल्याआल्या पहिला पेला भरून ठेवला होता आणि पाण्याचा जगही.

"थोडी गरम होऊ दे," छोट्या म्हणाला. त्याने घोटभर बिअर पेल्यात राखून बाकीची पात्रात ओतली. "वास मग उघडतो. तोवर मी मागची टाकी बघून येतो. ती बसवायला मीच आलो होतो."

तो गेला तसा दाढीवाला हात पुसत ताईच्या समोर येऊन बसला.

"ताई, मानलं तुम्हाला. मला वाटलं नव्हतं हा सुधारेल."

"सुधारलाय कुठे? सुधारतोय," ताई म्हणाली. पण तिला बरं वाटलं. गेल्या काही महिन्यांत कुणी असं बोललं की तिला लहान मुलीसारखं बरं वाटायचं.

"फक्त वाईट एवढ्याचंच वाटतं, की थुंकून बिअर कळत नाही."

"म्हणजे?"

"वाइनवाले थुंकतात, त्यांचं भागतं. बिअरचा कडवटपणा गिळल्यावर कळतो. घशाच्या मुळाशी." त्याने आपल्या गळ्याला बोट लावलं. "तो कसा येतो, किती वेळ राहतो, यालाच आम्ही शेवट म्हणतो. तोच कळला नाही तर अर्धीच बिअर कळली. त्याला हे माझ्याहून जास्त माहीत आहे. बिचारा अर्ध्यावरच काम भागवतोय."

कुणीतरी हाक मारली म्हणून दाढीवाला उठून गेला. ताई तशीच बसून राहिली. मग तिने छोट्याची वही ओढून घेतली. रंग, फेस, वास, चव, शेवट. पाच रकाने, त्याच्या बारीक अक्षरात. आजच्या पानावर शेवटचा रकाना कोरा होता. तिने मागचं पान उलटलं. मागच्या शनिवारी चार बिअरी होत्या आणि चारही ओळींत शेवटचा रकाना भरलेला होता. ‘सावकाश येतो.’ ‘घसा कोरडा करतो.’ ‘लगेच निघून जातो, दुबळा.’ ‘बराच वेळ रेंगाळतो, सुंदर.’

सुंदर! म्हणजे त्याने गिळली होती.

पण मागच्या शनिवारी पात्र भरलं होतं की! तिने स्वतः पाहिलं होतं, रेघेला रेघ. मग तिची नजर पाण्याच्या जगावर गेली. दोन चाखण्यांच्या मध्ये तो चूळ भरायचा, आणि चूळ तो कुठे टाकत होता याकडे तिने लक्ष दिलं नव्हतं. तीस वर्षं औषधं मोजली, पण मापात काय भरलंय ते बघायचंच राहिलं. तिला स्वतःच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या.

तिने इकडेतिकडे पाहिलं. पेल्यात राखलेल्या बिअरमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग तेच बोट मोजपात्रात बुडवलं. भावाची थुंकी, पण किळस यायलाही तिला सवड नव्हती. तिने बोट तोंडात घातलं. तितकंच कडू. दोन्हींकडे अगदी तितकंच.

"लागलं का पाणी?"

छोट्या बाकापाशी उभा होता. ताईचं बोट अजून तोंडातच होतं. तिने ते काढलं आणि पदराला पुसलं. चोरी करताना पकडलं जाण्याची तिची ही पहिलीच वेळ.

तो समोर बसला. उघड्या वहीकडे त्याने पाहिलं.

"आज नाहीये," तो म्हणाला. "मागच्या शनिवारी होतं."

ताईने त्या चार ओळींवर बोट ठेवलं.

"चार घोट. प्रत्येकीचा एक. मालकीण विचारते गं, शेवट कसा आहे म्हणून. आधी दोनदा अंदाजाने सांगितलं. तिच्या लक्षात आलं, पण ती बोलली नाही. ते जास्त लागलं."

"आणि मग?"

"मग काय? घरी आलो, तू वाढलंस, जेवलो."

"आणखी प्यावीशी वाटली?"

"ती रोजच वाटते, ताई."

तिचे डोळे भरून आले. तिला त्याला झोडपावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं, आणि मध्ये बाक होता.

"मेल्या, मला सांगायचंस तरी!"

"तू इतक्या विश्वासाने रेघा बघत होतीस. कसं सांगू?" तो मान खाली घालून म्हणाला. "मघासारखं बघत जा. तू बोट घालून बघशील ना, तर थुंकायला मला जड जाणार नाही."

दाढीवाल्याने दुसरा पेला आणून ठेवला. गडद, विटकरी, वर दाट फेस. दोघांचे चेहरे बघून तो लगेच परत गेला. छोट्याचा हात पेल्याकडे गेला, पण ताईने तो आधी आपल्याकडे ओढला.

"तू?"

"का? बघू दे तरी, कशापायी एवढं घर बसलं ते."

तिने नाक दाबल्यासारखं तोंड करून मोठा घोट घेतला आणि गिळला.

"शी! हे पैसे देऊन पितात लोक?"

छोट्या मोठ्याने हसला. असा तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता. हसता हसता त्याने पेन उचललं.

"आधी काय लागलं?"

"गोड. करपलेल्या पावाच्या कडेसारखं."

"छान. मग?"

"कडू."

"कुठे?"

"इथे, घशात."

"किती वेळ राहतं ते सांग."

ती थांबली. पेन शेवटच्या रकान्यावर टेकलेलं होतं.

"आहे?"

"आहे."

मागे टाकीतून पाणी सोडल्याचा आवाज आला आणि थांबला.

"आता?"

"आहे रे."

तिने वर पाहिलं. तो तिच्या घशाकडे बघत होता. दुसऱ्याच्या ताटाकडे उपाशी माणसाने बघावं तसा, आणि त्याला ते कळतही नव्हतं. तिला ते सोसवेना.

"गेलं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. "खोटं नको बोलूस. तुला येत नाही. ही इतक्यात सोडायची नाही."

त्याने काही लिहिलं नाही. पेनला टोपण घातलं, वही मिटली आणि तिच्या पिशवीत ठेवून दिली.

"सोमवारी मालकिणीला सांगतो. दुसरं कुणी बघा म्हणावं."

"आणि तू काय करणार?"

"टाक्या धुईन. त्याला जीभ लागत नाही."

वर्षभर ताई देवाकडे दुसरं काही मागत नव्हती. आता तिला हायसं वाटायला हवं होतं. पण समोर बसलेला माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला होता, आणि तिला नुसतं रडू येत होतं.

छोट्याने पेला उचलला. त्याने तो नाकापाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग तो हळूच तिच्या पुढ्यात ठेवला.

"संपव तू," तो म्हणाला. "टाकून देण्यासारखी नाहीये."

ताईने पेला दोन्ही हातांत घेतला आणि घोट घोट करत, तोंड वाकडं न करता, सगळी संपवली.